चैतातला पास्क

बस्त्याव सुताराला अमरावतीत सगळं मिळालं, घंटा तेवढी मिळाली नाही.

म्हणजे घंटा होत्या. अंबादेवीच्या देवळातली पहाटेच घणघणायची. बैलांच्या गळ्यांत तर इतक्या होत्या की कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या साली वऱ्हाडात पैशाला कोण विचारतो अशी गत होती. सातासमुद्रापार अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इथल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. काल ज्याच्या पायात वहाण नव्हती तो आज बैलाच्या शिंगांना चांदी मढवून बाजारातून मिरवत होता. तेव्हा घंटांना काय तोटा? पण बस्त्यावला हवी होती त्याच्या गावच्या देवळाची घंटा. वसईकडचे किरिस्तांव आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. ती घंटा सकाळी उठवायची, दुपारी हातातलं काम थांबवायची, कोण मेलं ते सांगायची आणि सण कधी आहे तेही सांगायची. माणसाला स्वतः काही लक्षात ठेवायची गरजच नव्हती.

इथे सगळं स्वतःच लक्षात ठेवावं लागत होतं, आणि घोळ तिथेच झाला.

बस्त्याव तिशीतला, अंगानं काटक, बोलायला कमी. बाप देवळाची वेदी कोरणारा सुतार. बाप वारला, घराचं छप्पर पावसात बसलं, आणि कुणीतरी सांगितलं की वऱ्हाडात रुईच्या गाठी बांधायला मोठाले लाकडी दाब लागतात, ते करणारे हात मिळत नाहीत. एका हंगामासाठी म्हणून गडी आला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. कापसाचा हंगाम दिवाळीपासून चैतापर्यंत, तेव्हा मालक सोडत नाही. पावसाळ्यात ही काळी माती गाडीचं चाक सोडत नाही. मग जायचं कधी, सांगा. आईला म्हातारपणी एकटं टाकून आलो, हे मात्र त्याला रोज भाकरीचा पहिला तुकडा मोडताना आठवायचं. सुताराला आठवण टाळता येत नाही. हात आपले काम करत असतात, डोकं रिकामं असतं.

मालक खुशालराव माणूस वाईट नव्हता, पण पैशानं त्याची झोप उडवली होती. रोज सकाळी दाबाशी येऊन उभा राहायचा आणि लढाईची बातमी विचारायचा, जसा काही बस्त्याव किरिस्तांव म्हणून त्याला अमेरिकेतून सांगावा येत होता.

"मिस्त्री," एकदा म्हणाला, "ते लढून राहिले ते तुमच्याच देवाचे ना?"

"दोन्हीकडचे," बस्त्याव म्हणाला.

"मग तुमच्या देवाले एक सांगा. अजून एक साल लढू दे म्हना त्याईले."

"दोन्हीकडचे त्याचेच लेक आहेत, मालक. तो कुणाचं ऐकेल?"

खुशालरावानं जरा विचार केला. "असं हाय का. मग मी आमच्या अंबादेवीलेच सांगतो. तिचं तिकडे कोनी नाही."

बस्त्याव हसला, पण संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा हसू पार गेलं. रोजची भाकर दे, असं तो देवाला म्हणायचा, आणि ही भाकर कुठून येते ते त्याला आता ठाऊक झालं होतं. तिकडे गुलाम माणसांवरून लढाई, आई-बापांची पोरं मरतात, म्हणून इथे दाब फिरतो, आणि दाब फिरतो म्हणून त्याच्या ताटात ज्वारीची भाकर. शांती दे म्हणावं तर भाकर जाते. भाकर दे म्हणावं तर जीभ अडखळते. असलं काही गावात असताना त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिथे पाद्रीबाबा होते, विचारायची सोय होती. इथे छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी वर्षातून कधीतरी नागपूरकडून पाद्री यायचा, आणि तो येऊन गेला हे बस्त्यावला मागाहून कळायचं. तीन वर्षांची पापं तशीच साठून राहिली होती.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी कैतू अमरावतीला येऊन गेला. कैतू त्याच्याच गावचा गवंडी, अकोल्याकडे आगगाडीच्या कामावर लागलेला, वर्षातून एकदा तरी गावाला जाणारा. त्यानं आईचा निरोप आणला होता.

"आय म्हणाली, या पास्काला ये. पुढल्या पास्काचं माझं काही खरं नाही."

पास्क म्हणजे येशू मेलेल्यातून उठला तो सण. चाळीस दिवस उपास काढायचे, मांसमच्छीला शिवायचं नाही, एक वेळ जेवायचं, आणि मग त्या रविवारी नवे कपडे घालून, देवळात मिसेची मोठी प्रार्थना ऐकून, पोटभर खायचं. बस्त्यावच्या घरात नाताळपेक्षा पास्क मोठा. त्याच्या डोळ्यांसमोर आईची चूल उभी राहिली, लाल लुगडं नेसलेली आई उभी राहिली.

"सांग तिला," तो म्हणाला, "पास्काला तिच्या शेजारी बसून जेवणार. आकाश पडलं तरी."

आता पास्क दर साली वेगळ्या तारखेला येतो. गावात पाद्रीबाबा सांगतात. पण बस्त्यावच्या आईला ते सांगायच्या आधीच कळायचं आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. लहानपणी ती त्याला अंगणात उभं करून चंद्र दाखवायची. "चैताची पुनव होऊ दे, पोरा. तिच्या मागून येणारा आइतवार म्हणजे पास्क. कुणाला विचारायला नको." अक्षर न शिकलेल्या बाईनं चंद्रावरून सण सांगावा, आणि आइतवारी घंटा खरंच वाजावी. पोरगं तोंडाचा आ करून बघत राहायचं. एखाद्या साली चुकलंच तर घंटा सावरून घ्यायची, आणि पोराला ते कळायचंही नाही. अमरावतीत पहिली दोन वर्षं त्यानं हेच केलं. घरमालकीण मनकर्णाबाईला विचारायचा, "बाई, चैताची पुनव कधी?" तिला पंचांग तोंडपाठ. तिथून मागे मोजून तो उपास धरायचा. कचेरीतल्या साहेबांकडे छापील पंचांग असतं, हे त्याला माहीत होतं. पण साहेब पडले दुसऱ्या पंथाचे. आपला पास्क त्यांना विचारायचा म्हणजे सासऱ्याच्या घराची वाट शेजाऱ्याला विचारण्यासारखं, असं त्याला वाटे. आता या आडमुठेपणाला काय म्हणावं? आईवर गेला होता, दुसरं काय.

यंदाही मनकर्णाबाईला विचारून त्यानं हिशेब बांधला. उपास धरला. उन्हं तापायला लागलेली, दाबाचं काम अंगातलं पाणी काढणारं, आणि पोटात दुपारची एक भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. मनकर्णाबाई कळवळायची.

"काहून जिवाले खाता, मिस्त्री? एवढा कडक उपास तं आमच्यात बाया बी नाही करत."

"आमच्यात करतात, बाई."

"देव का उपाशी माणसाले ओळखते, अन् जेवल्यावर नाही ओळखत?"

उपासानं देव जवळ येतो की नाही ते त्याला सांगता आलं नसतं, पण गाव जवळ यायचं. भूक लागली की त्याला वाटे, आत्ता गावातही सगळ्यांना अशीच लागली असणार. एवढ्या लांबून त्यांच्याशी जोडणारं हेच एक उरलं होतं, आणि म्हणून त्या भुकेची त्याला गोडी लागली होती.

शिमगा आला, पेटला, रंग झाला. मजूर दोन दिवस भांगेत पडून. तिकडे गाड्या खोळंबलेल्या, खुशालरावाच्या जिवाचं पाणी पाणी झालेलं. शुक्रवारी त्यानं बस्त्यावचे अक्षरशः हात जोडले. "मिस्त्री, नवा दाब आजच्या आज उभा करून द्या. मंग आठ दिवस आधी गावाले जा, मी तोंडानं काही म्हननार नाही." आठ दिवस आधी, हे ऐकल्यावर बस्त्यावला दुसरं काही ऐकू आलं नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्यानं एकट्यानं दाबाच्या पेटीवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या. लांब, जाड, लोहाराकडचे खिळे. हातोडा उचलायचा आणि हाणायचा. रंग लागलेली पोरं कुंपणावर बसून बघत होती. आणि खोटं कशाला बोला, तो त्या दिवशी गात होता.

शेवटी चैत लागल्यावर तो निघाला. हुसेन गाडीवानाच्या गाड्या रुई घेऊन अकोल्यावरून पुढे, जिथवर आगगाडी आली होती तिथवर जाणार होत्या. बस्त्याव रुईच्या गाठींवर बसला. हुसेन बडबड्या, गेल्याच महिन्यात रोजे संपून त्याची ईद झालेली, त्यामुळे उपाशी माणसाची त्याला फार माया.

"मिस्त्रीभाऊ, तुमचे रोजे लंबे हायेत बा. आमचे तर एका महिन्यात खतम."

"संपतील आता. पुनवेनंतर आइतवार आला की संपले."

वाटभर बस्त्याव मनातल्या मनात आईशी बोलत होता. तिला काय काय सांगायचं ते रचत होता आणि पुन्हा पुन्हा पुसत होता. लांब राहिलेल्या माणसाचं असंच होतं. सांगायचं खूप साठतं आणि शेवटी तोंडातून निघतं, बरी आहेस ना.

अकोल्याला गाड्या दुपारी थांबल्या. बैलांना एक दिवस विसावा हवा होता. बस्त्याव कैतूला शोधत आगगाडीच्या कामावरच्या झोपड्यांकडे गेला. कैतू सापडला, चुलीपुढे. आणि चुलीवर पातेल्यात बकऱ्याचं मटण रटरटत होतं.

बस्त्याव दारातच थबकला. "कैतू, उपासात मटण?"

कैतूनं वर पाहिलं, ओळखलं, मिठी मारली, आणि मग त्याचा प्रश्न ध्यानात आल्यावर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कसला उपास रे? पास्क होऊन किती दिवस झाले. मी गावात पास्क करून तर इकडे आलोय."

"चेष्टा करू नको."

"देवाची आण. यंदा पास्क शिमग्यातच आला. गेल्या साली यांचा धोंड्याचा महिना नाही का पडला, त्यानं यांचा चैत महिनाभर पुढे ढकलला. चंद्र तोच, पण त्याला या लोकांनी फाल्गुनातला म्हटलं आणि आपल्या पाद्रीबाबांनी पास्काचा. तुला कुणी सांगितलं नाही?"

धोंड्याचा महिना. बस्त्यावला आठवलं, मनकर्णाबाईचा जावई आला होता, तिनं अनारसे केले होते आणि यालाही बोलावून वाढले होते. यानं मिटक्या मारत खाल्ले. आणि त्याच महिन्यानं त्याचा पास्क खाल्ला.

तो चुलीपाशी बसून बोटांवर दिवस मोजायला लागला. मग हळूहळू एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि तिच्यासरशी त्याचा चेहरा पडत गेला. म्हणजे शिमग्यानंतरचा तो शुक्रवार हा मोठा शुक्रवार होता. ज्या दिवशी देवाच्या लेकाला खुरसावर ठोकलं, तो. त्या दिवशी त्याचा बाप हातोडा फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवायचा. गावातला एकही सुतार त्या दिवशी लोखंडाला शिवत नसे. देवळाची घंटासुद्धा मुकी व्हायची आणि तिच्या जागी बापानं केलेलं लाकडी खटखटं वाजायचं. एकदा लहान असताना बस्त्यावनं खेळता खेळता भिंतीत खिळा मारला, तर बापानं मारलं नाही, रागावला नाही, नुसता रडला. मोठा पुरुष रडताना त्यानं पहिल्यांदा बघितला तेव्हाच. आणि या शुक्रवारी त्यानं दिवसभर खिळे ठोकले होते. गात गात.

"आणि त्या आइतवारी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "सगळं जग जेवत होतं, आणि मी उपाशी."

"असू दे रे. चुकून झालं," कैतू म्हणाला. "देवाला काय कळत नाही?"

देवाला कळलं असेल. पण आईचं काय? तिला शब्द दिला होता. ती वाट बघत बसली असेल, आणि पोरगं आलं नाही. पैशाच्या नादाला लागलं, देव विसरलं, आई विसरलं, असंच तिला वाटलं असणार. आता कोणत्या तोंडानं जायचं? सण संपल्यावर दारात उभं राहून काय सांगायचं, की आई, तुझा चंद्र चुकला? त्यापेक्षा परत फिरावं. अमरावतीच्या गाड्या रोजच होत्या. पुढल्या साली बघू. आणि पुढलं साल म्हटल्याबरोबर तिचा निरोप आठवला, पुढल्या पास्काचं माझं काही खरं नाही.

कैतूनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. भात आणि मटण. "जेव आधी. पास्क झाला तो झाला. आता उपास धरण्यात अर्थ नाही, उलट पापच."

बरोबरच होतं. बस्त्यावनं यंत्रासारखा हात धुतला, घास कालवला. मटणाच्या वासानं पोट खवळून उठलं होतं, आणि त्या खवळण्याचीही त्याला लाज वाटत होती.

"आय कशी आहे?" त्यानं घास हातात धरून विचारलं. हे विचारायला तो इतका वेळ भीत होता.

कैतूनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "हातपाय चालतात. नजर कमी झालीय."

"आणि?"

"आणि काय... तुला सांगणार नव्हतो. थोडी चळलीय रे म्हातारी."

"चळली म्हणजे?"

"पास्काच्या दिवशी मिसा सुटली, सगळे घरी गेले, ही देवळाच्या पायरीवर बसून. तोंड रस्त्याकडे. उन्हं चढली तरी उठेना. मीच हाताला धरून घरी नेलं. घराशी आल्यावर थांबली आणि मला विचारते, कैतू, चैताची पुनव झाली का रे? म्हटलं, नाही, अजून महिना आहे. तर हसली. म्हणाली, मग पास्क कुठे झालाय? आणि तेव्हापासून उपास सोडलेला नाही. शेजारणींनी ताटं आणून दिली, ती तिनं भिकाऱ्यांना दिली. पाद्रीबाबा घरी येऊन ओरडले, की पास्कानंतर उपास करू नये, देवाचा अपमान होतो. तर त्यांना म्हणते, बाबा, तुमचा झाला असेल, माझ्या घरातला व्हायचाय. आता याला काय म्हणायचं? बायका हसतात तिला. मी निघालो त्या दिवशीही दुपारची एक भाकर मिठाशी खात बसली होती."

बस्त्यावच्या हातातला घास हातातच राहिला.

आधी त्याला नीट समजलं नाही. मग समजलं, आणि त्यानं घास हळूच ताटात परत ठेवला. त्याचे डोळे वाहायला लागले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"ती चळली नाही, कैतू," तो म्हणाला. "मी का आलो नाही ते सगळ्या गावात तिला एकटीला कळलंय. चैताची पुनव तिनंच मला शिकवली. पोरगं देव विसरलं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ते कुठेतरी बसून अजून उपाशी आहे, हे तिनं ओळखलं. आणि ते उपाशी असताना ती जेवायला तयार नाही."

कैतूनं पातेलं चुलीवरून उतरवलं. म्हणाला, "आणि आम्ही हसत होतो."

बस्त्याव उठला. इतके दिवस त्याला वाटत होतं की भूक त्याला गावाशी जोडते. गाव केव्हाच जेवून मोकळं झालं होतं. एकच बाई त्याच्या बरोबरीनं भूक काढत होती, आणि तीही जाणूनबुजून, लोकांचं हसणं खात. त्याची चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेऊन खरी करून ठेवली होती. तिच्या घरात पास्क व्हायचा होता, म्हणजे मोठा शुक्रवारही व्हायचा होता. त्या दिवशी तो तिच्यापाशी बसेल, हातोड्याला शिवणार नाही, आणि त्या खिळ्यांचं सगळं तिला सांगून टाकेल. पाद्रीबाबांना नंतर.

"आता निघालास तर पोचशील?" कैतूनं विचारलं.

"पुनवेच्या आत पोचायलाच हवं."

तो धावतच गाड्यांकडे आला. हुसेन बैलांना कडबा टाकत होता. मटणाच्या रश्शानं माखलेला हात आणि रडून सुजलेले डोळे बघून त्यानं काम थांबवलं. बस्त्यावनं त्याला आजच निघायची गळ घातली.

"उद्या निघायचं ठरलं होतं ना," हुसेन म्हणाला. "बैल थकून राहिले, मिस्त्रीभाऊ. अन् तिकडच्या मजुरापाशी आत्ताच आयकलं मी, तुमचा सण तर होऊन गेला म्हनतेत. मंग आता कायची घाई?"

"माझ्या घरचा व्हायचा हाय," बस्त्याव म्हणाला. "माय उपाशी हाय, हुसेन."

हुसेननं हातातला कडबा खाली टाकला आणि बैल जुंपायला घेतले.